परगावची मॅच, मिठागरातलं मैदान

इंग्लंडमध्ये फुटबॉलची मॅच शनिवारी दुपारी तीनलाच का सुरू होते, याचं उत्तर कापडगिरण्यांमध्ये सापडतं. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने गिरणीतल्या बायका आणि पोरांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबवायचं ठरवलं. बायकापोरं घरी गेली की निम्मी यंत्रं गप्प व्हायची, मग पुरुषांनाही थांबवून ठेवण्यात मालकाचा फायदा उरत नसे. दोनला भोंगा, पोटात चार घास, तीनला मैदान. म्हणजे जगभरच्या पुरुषांच्या फुटबॉलला शनिवारची दुपार मिळाली ती बायकांसाठी केलेल्या कायद्यामुळे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शनिवार मिळाला, तशी रेल्वेही आली होती. दुसऱ्या गावातल्या मैदानावर आपल्या टीममागे जाणारा माणूस, ज्याला इथे ‘अवे सपोर्टर’ म्हणतात, तो सुट्टी आणि स्वस्त तिकीट या दोघांचं अपत्य आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. पण हे सगळे संघ खेळतात एकाच शाहू स्टेडियमवर. त्यामुळे मॅचला गर्दी, घोषणा, वेळप्रसंगी हुल्लड, सगळं पाहिलेलं असूनही ‘परगावची मॅच’ ही गोष्ट मला माहीत नव्हती. स्टेडियम सगळ्यांचंच, किंवा कुणाचंच नाही. कंपनीने लंडनला पाठवलं, आग्नेय लंडनमध्ये एक खोली भाड्याने मिळाली, आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर एक क्लब निघाला, तेव्हा हा प्रकार कळला. क्लबचं नाव डलविच हॅम्लेट. रंग गुलाबी आणि निळा. फुटबॉल क्लबाचा रंग गुलाबी असू शकतो, इथपासूनच मला तो आवडला.

हा क्लब ‘नॉन-लीग’मधला. म्हणजे लीग नसलेला नव्हे. इंग्लंडच्या फुटबॉलची उतरंड आहे. वरच्या चार थरांत प्रीमियर लीग आणि तिच्या खालची फुटबॉल लीग. त्याखाली जे जे काही आहे, त्या सगळ्याला मिळून नॉन-लीग म्हणतात, आणि त्यात लीगांवर लीगा आहेत. कित्येक वर्षं खालून वर जायला नुसतं जिंकून भागत नसे. वरच्या क्लबांनी मतदान करून तुम्हाला आत घ्यावं लागायचं, आणि आपल्यातल्याच कुणाला तरी बाहेर काढून नवा गडी आत घ्यायला ते सहसा तयार नसत. जिंकलं की आपोआप वर, हा नियम लागू झाला तो १९८६-८७ च्या मोसमापासून. आपल्याला इतकी साधी वाटणारी गोष्ट माझ्या जन्माच्या आधी फार तर दहाएक वर्षांची.

डलविच ज्या इस्थमियन लीगमध्ये खेळतो ती १९०५ ची. तिचं ब्रीदवाक्य लॅटिन, अर्थ साधारण असा की सन्मान पुरेसा आहे. सुरुवातीला तर जिंकणाऱ्याला कप नाही, पदकही नाही. पैसे घेणं हा कमीपणा. हे तत्त्वज्ञान उदात्त वाटतं, पण मला त्यात थोडी गोम दिसते. ‘सन्मान पुरेसा’ असं ज्याचं पोट भरलेलं आहे तोच म्हणू शकतो. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी चांगल्या खेळाडूच्या बुटात गुपचूप नोटा सरकवल्या जायच्याच. शेवटी १९७४ मध्ये फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे एफएने, हौशी आणि व्यावसायिक हा भेदच काढून टाकला. आता या पातळीवरचे बहुतेक खेळाडू अर्धवेळ. आठवडाभर दुसरी नोकरी, शनिवारी फुटबॉल.

डलविचची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. त्यांचं मैदान चॅम्पियन हिल. १९३० च्या आसपास तिथे हजारोंनी माणसं यायची. एडगर केल नावाचा हौशी खेळाडू इथून थेट इंग्लंडकडून १९२९ मध्ये तीन सामने खेळला. त्याच्या नावाने आम्ही अजूनही गातो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या मैदानाच्या जागेतला तुकडा सुपरमार्केटला गेला आणि नवं, लहान मैदान उभं राहिलं. पुढे जमीन एका गुंतवणूक कंपनीच्या हातात आली. तिथे घरं बांधायची होती, नगरपालिकेशी वाद झाला, आणि मार्च २०१८ मध्ये क्लबला त्याच्याच मैदानातून बाहेर काढलं गेलं. एवढंच नाही. क्लबचं नाव आता ट्रेडमार्क म्हणून दुसऱ्याच्या मालकीचं आहे, ते वापरू नका, अशी नोटीसही आली. सव्वाशे वर्षांचं नाव! गंमत बघा, त्याच मोसमात, दुसऱ्या क्लबाच्या मैदानावर उसन्या जागेत खेळत, या बेघर टीमने वरच्या लीगमध्ये बढती मिळवली. डिसेंबर २०१८ मध्ये ते घरी परतले. (२०२३ मध्ये पुन्हा खाली आले, ती गोष्ट वेगळी.)

हे सगळं मी यायच्या आधीचं. पण आमच्या कट्ट्यावर मागची दहा वर्षं रोज कुणीतरी सांगत असतं. ‘मैदान गेलं म्हणजे क्लब गेला’ हे वाक्य तिथे कुणी तत्त्व म्हणून बोलत नाही. पाऊस येईल असं म्हणतात तसं म्हणतात.

ही भीती खिशात घेऊन आम्ही एका शनिवारी लुईसला गेलो.

लुईस हे दक्षिणेला ससेक्समधलं, टेकड्यांमधलं लहान गाव. लंडनहून तासाभराचा प्रवास. गाडी गावाखालच्या बोगद्यातून जाते आणि बाहेर पडते तोच स्टेशन. स्टेशनपासून मैदान पाच मिनिटांवर. डब्यात आम्ही वीसपंचवीसजण, गुलाबी-निळे मफलर, एक म्हातारे काका घरून सँडविचचा डबा घेऊन आलेले. ‘आपल्या मैदानावर फक्त मॅच बघायची असते, परगावी गाव बघायचं असतं,’ असं ते मला म्हणाले. मग अर्धा रस्ता झोपले.

मैदानाचं नाव ‘द ड्रिपिंग पॅन’. मांस भाजताना खाली गळणारी चरबी झेलायला जे पसरट भांडं ठेवतात, ते. आणि मैदान दिसतंही तसंच. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोल गेलेला एक मोठा आयत, कडेने गवताचे उतार. शेजारी एक उंच गोल टेकाड, त्यावर चक्राकार पायवाट. टेकाडाला ‘द माउंट’ म्हणतात. जुनी ऐकीव गोष्ट अशी की इथे मठातल्या साधूंचं मिठागर होतं. भरतीचं पाणी या भांड्यात घ्यायचं आणि मीठ करायचं. खणलेली माती बाजूला टाकली त्याचं टेकाड झालं. दुसरे म्हणतात टेकाड म्हणजे पहिल्या नॉर्मन किल्ल्याचा पाया. तिसरे म्हणतात, मठ गेल्यावर आलेल्या जमीनदारांनी बाग सजवायला हे सगळं केलं. यांतलं काहीच पक्कं सिद्ध झालेलं नाही. मला मिठागर आवडतं. कोकणातली मिठागरं पाहिलेल्या माणसाला तो चौकोनी खोलगटपणा लगेच ओळखू येतो, पण हा काही पुरावा नव्हे.

मठ मात्र खराच होता, आणि लहानसहान नव्हता. विल्यम द वॉरेन आणि त्याची बायको गुंड्राडा यांनी अकराव्या शतकात स्थापलेला, इंग्लंडमधला क्लूनी पंथाचा पहिला मठ. त्याचं चर्च लांबीला सव्वाशे मीटरच्या पुढे, म्हणजे मोठमोठ्या कॅथेड्रलांच्या तोडीचं. आठव्या हेन्रीने पोपशी फारकत घेतली आणि मठांची मालमत्ता ताब्यात घ्यायला सुरुवात केली. १५३७ च्या नोव्हेंबरात लुईसचा मठ राजाच्या स्वाधीन झाला. पुढच्या वसंतात तो पाडायचं कंत्राट जोव्हान्नी पोर्तिनारी नावाच्या इटालियन इंजिनिअरकडे गेलं.

इंजिनिअर म्हणून मी या पोर्तिनारीपाशी फार वेळ रेंगाळतो. त्याने लंडनहून सुतार, लोहार, शिशाची कामं करणारे असे कुशल कामगार आणले. एवढ्या मोठ्या दगडी इमारतीवर हातोडे मारत बसलं तर वर्षं लागतील. म्हणून त्यांनी खांब आणि भिंती तळाशी कोरायला घेतल्या, जेवढं कोरलं तेवढ्यात लाकडाचे टेकू दिले, आणि मग ते टेकू काढून सगळा भार एकदम खाली आणला. कॉलेजात आपण भार जमिनीपर्यंत सुखरूप कसा न्यायचा ते शिकतो. हा पेपर उलटा. छपराचं शिसं वितळवून नेलं, दगड आसपासच्या घरांत गेले. काही आठवड्यांत चारशे वर्षांहून जास्त जुनं बांधकाम सपाट.

तीनशे वर्षांनी त्याच जागेवर दुसरे इंजिनिअर आले. १८४५ मध्ये ब्रायटन ते लुईस रेल्वेमार्ग खणताना मजुरांना दोन शिशाच्या लहान पेट्या सापडल्या. आत हाडं, झाकणांवर नावं : गुंड्राडा आणि विल्यम. मठाचे संस्थापक. अवशेष जवळच्या चर्चमध्ये नेऊन ठेवले आणि रूळ ठरल्या जागेवरूनच गेले, म्हणजे जिथे चर्चचा पूर्वेकडचा सगळ्यात पवित्र भाग होता तिथून. आजही ब्रायटनच्या बाजूने येणारा सपोर्टर त्यावरूनच मॅचला येतो. १८४६ मध्ये गाडी सुरू झाली आणि १८८५ च्या सप्टेंबरात स्टेशनजवळच्या रॉयल ओक पबमध्ये काही जणांनी बसून लुईस फुटबॉल क्लब काढला. तेव्हापासून ते या भांड्यात खेळताहेत. मठ, राजा, जमीनदार, रेल्वे आणि फुटबॉल. जमीन तीच.

आत गेल्यावरचं सांगतो. मोठ्या स्टेडियममध्ये अवे सपोर्टरला वेगळ्या दारातून, पोलिसांच्या नजरेखाली, कुंपणाआडच्या कोपऱ्यात बसवतात. हे साठ-सत्तरच्या दशकांतल्या मारामाऱ्यांनंतर आलं. १९८५ मध्ये मैदान दिसेल अशा जागी दारू पिण्यावर कायद्याने बंदी आली. १९८९ मध्ये हिल्सबरोच्या चेंगराचेंगरीत ९७ माणसं गेली. चौकशीत दोष पोलिसांच्या बंदोबस्ताचा निघाला, पण मोठ्या मैदानांतल्या उभं राहण्याच्या पायऱ्या गेल्या आणि खुर्च्या आल्या. हे सगळे नियम वरच्या थरांना. नॉन-लीगच्या या पातळीला ते लागू नाहीत. त्यामुळे इथे अजून उभं राहता येतं, हातात स्थानिक हार्वेजची बिअर घेऊन मॅच बघता येते, आणि दोन्ही टीमचे लोक एकाच रांगेत चिप्स घेतात. हाफटाइमला सगळ्यात मजेशीर प्रकार होतो. आपली टीम ज्या बाजूला गोल करणार त्या गोलमागे आपण उभे असतो. बाजू बदलल्या की आपणही उठून दुसऱ्या टोकाला जायचं. तिकडचे इकडे येतात. मधे दोन घोळके एकमेकांना भेटतात, टोमणे मारतात, ग्लास सांभाळत पुढे सरकतात. कोल्हापुरात हे करून बघायची माझी हिंमत नाही.

एका बाजूच्या उतारावर समुद्रकिनाऱ्यावर असतात तशा रंगीत लाकडी झोपड्या आहेत. मोठ्या स्टेडियममधल्या काचेच्या व्हीआयपी बॉक्सचा हा लुईसचा अवतार.

हे सगळं एकदा जवळजवळ गेलंच होतं. २००८ मध्ये लुईसने आपली लीग जिंकली आणि क्लब इतिहासातल्या सगळ्यात वरच्या पायरीवर, फुटबॉल लीगच्या अगदी दाराशी पोचला. त्या पायरीचा खर्च गावाला झेपणारा नव्हता. पुढच्याच मोसमात टीम खाली आली, कर्ज वाढलं, कर थकले, क्लब गुंडाळायची वेळ आली. २०१० मध्ये गावातल्या सहा जणांनी तो घेतला. त्यांच्यात नाटककार पॅट्रिक मार्बरही होता. पुढे २०१५ मध्ये त्याने नॉन-लीग फुटबॉलवर ‘द रेड लायन’ हे नाटक लिहिलं. या सहा जणांनी क्लब घेतला आणि स्वतःकडे ठेवला नाही. तो सामुदायिक मालकीचा केला. वर्षाला ठरावीक वर्गणी भरा, मालक व्हा. कुणी कितीही पैसे दिले तरी मत एकच. आपल्याकडच्या सहकारी संस्थेची पद्धत. फरक एवढाच की इथे चेअरमनच्या घरातलाच पुढचा चेअरमन अजून तरी झालेला नाही.

अशा मालकीत एक गोष्ट होते. मालक म्हणजे आपणच, तर मग आपण पैसे कसे वाटतो हा प्रश्न कधीतरी कुणीतरी सभेत विचारतंच. जुलै २०१७ मध्ये लुईसने जाहीर केलं की पुरुष आणि महिला या दोन्ही संघांचं बजेट सारखं असेल. मैदान तेच, सोयी त्याच, पैसे तेवढेच. व्यावसायिक किंवा अर्ध-व्यावसायिक क्लबांत जगात हे पहिल्यांदा होत होतं.

आता गिरणीतला तो शनिवार आठवा. पहिल्या महायुद्धात कारखान्यांत बायका आल्या आणि त्यांच्या टीमही झाल्या. प्रेस्टनच्या कारखान्यातली डिक, केर लेडीज ही सगळ्यात प्रसिद्ध. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांची मॅच बघायला ५३,००० लोक आले. वर्षही पुरतं झालं नाही तोवर, ५ डिसेंबर १९२१ ला, एफएने ठराव केला : हा खेळ बायकांना अजिबात योग्य नाही, आणि एफएच्या सदस्य क्लबांनी आपली मैदानं त्यांना देऊ नयेत. नीट वाचा. खेळू नका असं म्हटलंच नाही. तो अधिकार त्यांना नव्हता. फक्त मैदान काढून घेतलं. सुमारे पन्नास वर्षं, १९७१ पर्यंत, ही बंदी राहिली. २०१८ ला डलविचच्या बाबतीत जे झालं त्यात आणि यात मला हत्यार एकच दिसतं.

मॅचनंतर (निकाल आमच्या मनासारखा लागला नाही, पुढे चला) मी मामेबहिणीला फोटो पाठवले. ती कोल्हापुरात नववीपर्यंत फुटबॉल खेळली. मग शाळेत संध्याकाळचं मैदान मुलांना दिलं गेलं, मुलींना ‘सकाळी लवकर या’ असं सांगितलं, आणि सकाळी लवकर कुणी कोच येईना. मी तिला सारख्या पैशांचं सांगितलं. तिचा लगेच फोन.

“दादा, थापा मारू नकोस.”

“अगं खरंच. दोन्ही संघांना सारखेच.”

“आणि पोरं गप्प बसली?”

पोरांनी काय केलं ते मला सांगता आलं नाही. पण गाव तसं मुळातच अडेलतट्टू आहे. १५५५ ते १५५७ या काळात इथे सतरा प्रोटेस्टंटांना जाळलं गेलं, त्याची आठवण म्हणून दर ५ नोव्हेंबरला हजारो लोक मशाली घेऊन अख्खं गाव पेटवल्यासारखं करतात. आम्हाला कुणी हाकू शकत नाही, अशी ससेक्सची जुनी म्हणच आहे.

आणि इथे टॉमस पेन राहत होता. हो, तोच. १७६८ ते १७७४, नोकरी अबकारी अधिकाऱ्याची. पगार वर्षाला पन्नास पौंड, त्यातून घोडा आपणच पोसायचा. १७७२ मध्ये सहकाऱ्यांच्या वतीने त्याने एक पुस्तिका लिहिली. विषय : आमचा पगार वाढवा, अपुरा पगार माणसाला लबाड बनवतो. पुढे जगभर गाजलेल्या क्रांतिकारकाचं हे पहिलं मोठं लेखन, आणि ते पगाराबद्दल आहे. ते घेऊन तो लंडनला खासदारांचे उंबरे झिजवत बसला. पगार वाढला नाही, नोकरी गेली, आणि तो अमेरिकेला निघून गेला. नंतर त्याने ‘राइट्स ऑफ मॅन’ लिहिलं. ते पुस्तक १८४७ च्या सुमारास पुण्यात विशीतल्या जोतीराव फुल्यांच्या हाती पडलं, आणि १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. त्या शाळेमागे एकटं हे पुस्तक होतं असं मी म्हणणार नाही, कुठलाच इतिहास इतका सरळ नसतो. पण पेनच्या जुन्या घरासमोर उभा असताना मला पुणं आठवलं, एवढं खरं. बहिणीला हेही सांगितलं. ती म्हणाली, “मग शाळेला सांग की.”

लुईसचं पुढे काय झालं? मार्च २०२३ मध्ये महिला संघ एफए कपाच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचला. मिठागरात मँचेस्टर युनायटेड खेळायला आलं आणि ३-१ ने जिंकून गेलं. त्याआधीपासून लुईस एफएच्या मागे लागलंय की महिलांच्या कपाची बक्षिसं पुरुषांच्या कितीतरी पट कमी आहेत, ती सारखी करा. रक्कम वाढली, सारखी झाली नाही. दरम्यान मोठ्या क्लबांनी महिला संघांत असा पैसा ओतला की बरोबरीचं तत्त्व आधी आणणाऱ्या लुईसला त्या पैशाशी बरोबरी करणं अवघड झालं. २०२३ मध्ये एका गुंतवणूकदार गटाशी बोलणी झाली, सभासदांत चर्चा झाली, करार झाला नाही. २०२३-२४ च्या शेवटी महिला संघ दुसऱ्या थरातून तिसऱ्यात उतरला.

डलविचमध्ये मी हे सांगितलं तर अर्धे लोक म्हणाले, पैसा घ्यायला हवा होता. अर्धे म्हणाले, आपल्याला आठवत नाही का पैसा आला की काय होतं. माझं मत दुसऱ्या अर्ध्यांच्या बाजूने आहे, पण मी खेळाडू नाही. तिसऱ्या थरात खेळणाऱ्या मुलीला विचारलं तर ती वेगळं सांगू शकेल.

परवा बहिणीचा मेसेज आला. लुईसची मालकी घ्यायला गावात राहावं लागतं का? मी बघून कळवलं की नाही, जगात कुठूनही घेता येते. तिने विचारलं, मत देता येतं? म्हटलं, एक. माझ्याइतकंच? म्हटलं, माझं नाहीच, मी डलविचचा.